भरल्या हातानं

देऊळघाट, ता. ९ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप तुळशीरामकाका यांस इंद्रभानचा नमस्कार. 'शिरसाष्टांग' लिहायची रीत आहे; पण तुमचे पाय सध्या नेमके कोणत्या दिशेला आहेत हे ठाऊक नसल्यामुळे नुसत्या नमस्कारावर भागवतो.

आधी माझी तक्रार ऐकून घ्या, मग बाकीचं. मी सध्या दोन डाव्या पायांचा माणूस आहे. परवा आपल्या घरी माणसं बसायला आली, तेव्हा ओट्याखाली वहाणांचा ढीग लागला. उठता उठता कोणा दुःखिताने माझी उजवी वहाण पायात घालून स्वतःची डावी मागे ठेवली. नवी, करकर वाजणारी, संक्रांतीच्या बाजारात घासाघीस करून घेतलेली वहाण! चोर असता तर दोन्ही नेल्या असत्या. हा सज्जन असणार, त्याशिवाय का इतका घोळ होतो? तेव्हापासून मी एका बाजूला कलत चालतो आणि गाव म्हणतं, इंद्रभान दुःखानं खचला.

माणसं बसायला का आली, ते राहिलंच. काकू गेली. सोजराबाई. तुमची बायको. नाव विसरला असाल म्हणून लिहिलं.

मी तुमच्या थोरल्या भावाचा मुलगा. तुम्ही घर सोडलंत तेव्हा दहा वर्षांचा होतो. आता कानावरचे केस पिकले. बुलढाण्याला छापखाना आहे. लोकांच्या लग्नपत्रिका छापतो आणि उरलेल्या शाईत एका साप्ताहिकातून त्याच लोकांची टिंगल करतो. हे पत्र बऱ्हाणपूरला गिरणीच्या फाटकासमोरच्या चहाच्या हॉटेलवर टाकतोय. वडिलांच्या तोंडून तुमचा एवढाच पत्ता ऐकला होता. दुसऱ्या बाईसोबत तिथे संसार मांडलाय, हेही ऐकलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा बऱ्हाणपूर आणि आपण एकाच प्रांतात होतो. पुढे आम्हाला इथल्या इथे बसून मुंबई राज्यात जावं लागलं, मग महाराष्ट्रात. तुम्ही तिकडेच राहिलात. घर मोडायचं काम तुम्ही सुरू केलंत, सरकारनं पुरं केलं.

काकू गुरुवारी गेली. सकाळी मेथीच्या वाफ्याला पाणी दिलं, हातपाय धुतले, 'थोडकं आंग टाकते' म्हणाली. माझी बायको कौशल्या चहा घेऊन गेली तोवर संपलं होतं. वय विचारलंत तर सांगता येणार नाही. तिला विचारलं की म्हणायची, "पह्यली पलेग आली तवा मी चालत होती. आता तू हिशेब कर, तुले शिकवलं कायले?"

खरी अडचण पुढेच आहे. तिला न्यायची कशी? सवाष्ण म्हणून, हिरवं लुगडं, कुंकू, भरला चुडा घालून? का विधवा म्हणून? कारण तुम्ही मेलात अशी बातमी मिरच्यांच्या एका दलालाने मागे आणली होती. काकूनं त्याला दारातूनच परतवलं. "या माणसाकडून मी मिरच्याबी तोलून घेते, अन् याच्या शब्दावर कुकू पुसू?" झालं. कुंकू राहिलं.

भावकीतले वडील महादेवराव म्हणाले, "हे असं चालत नाई, इंद्रभान. तुळशीराम हाये का नाई, हे ठरल्याबिगर बाईले कसं न्याव?" आम्ही पुरुष अंगणात ठरवत बसलो. जरा वेळानं दार उघडलं. बायकांनी तिला न्हाऊमाखू घालून हिरवं नेसवलं होतं, कुंकवाचा मळवट भरला होता. शेजारची सुभद्राबाई, स्वतः कोरड्या कपाळाची म्हातारी, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "भरल्या हातानं आली होती, भरल्या हातानं जाईल. उचला."

उचललं. पण महादेवरावांनी नदीवरच बजावलं, "आज नेली ते नेली. तेरवीले खरं कळाले पाह्यजे. तिच्या नावानं सवाष्णीले लुगडं द्याचं का रांडमुंड बाईले, हे चार लोकायसमोर ठरंल."

तेरवी अठरा तारखेला आहे. तरी कृपा करून आपण जिवंत आहात की नाही, याचा खुलासा उलट टपाली करावा. नसाल, तर तसंही कळवावं.

आपला,
इंद्रभान

&nbsp;

देऊळघाट, ता. १४ फेब्रुवारी १९६४

ती. काकांस,

उत्तर नाही. माझी दुसरी वहाणही सापडली नाही. दोन्ही बाबतींत मी अजून आशेवर आहे.

महादेवरावांना एवढा सोस का, हे मला आज कळलं आणि न कळतं तर बरं होतं. त्यांच्या चारही मुलांना पहिली हळद काकूनं लावली. तिच्या हातचीच पहिली हळद हवी, असा गावात हट्टच असे. पत्रिका माझ्याकडे छापायला यायच्या आधी लोक काकूला तारीख विचारून जात. महादेवरावांच्या तिसऱ्या मुलाची, रंगरावची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. आज छापखान्यात येऊन ते बाकावर बसले आणि शाईच्या डब्याकडे बघत म्हणाले, "रंग्याच्या हळदीले तिचा हात होता. तवा तुळशीराम मेलेला असंल, तर मंग..." मी टिंगलखोर माणूस. त्या वेळी शाईच्या डब्याला झाकण लावलं.

म्हणजे बघा, तुमच्या जिवंत असण्यावर कायकाय लटकलंय! इतकी वर्षं तुम्ही कोणाच्या उपयोगी पडला नाहीत. आता एकदम एवढा भार.

ती काय होती हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही पाहिलं नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथीत माझी आई गेली, तेव्हा मी अंगावर पिणारा. काकूनं मला शेळीच्या दुधावर वाढवलं, हे तुमच्या डोळ्यांसमोर. पण तुम्ही गेल्यावर वडील तिला म्हणाले, "सोजराबाई, जळगाव जामोदला माहेरी जाऊन राह्य." तिनं काय केलं? दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या पडीत तुकड्यात वांगी लावली. पुढे रविवारच्या बुलढाण्याच्या बाजारात तिची बसायची जागा ठरून गेली. वकिलाच्या बायका यायच्या, वांगं दाबून बघायच्या. काकू म्हणायची, "बाई, ते वांगं हाये, नवरा नाई. दाबून काय कळनार?"

तुमच्यावर तिचा राग होता का? मला कधी उमगलं नाही. लग्नाकार्यात नाव घ्यायची वेळ आली की सगळ्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. ती मान ताठ करून म्हणायची,

"चुलीवर ठेवलं आधण, त्यात वैरली तूर,
तुळशीरामाचं नाव घेते, गावापासून दूर."

मांडव हसून लोळायचा. ती हसायची नाही. कुंकू मात्र आठाण्याएवढं.

स्वराज्य आल्यावर गावात प्रौढांचा वर्ग निघाला. दिवसभर पाणी वळून संध्याकाळी ती पाटी घेऊन जाई. अख्ख्या वर्गात ती एकच गोष्ट शिकली, स्वतःची सही. 'सोजराबाई' लिहायची, मग बोटभर जागा सोडायची, मग आडनाव. मास्तर म्हणाले, "आजी, मधात मालकाचं नाव?" "जागा ठेवली मास्तर. येतीन तवा बसतीन." पुढे कधीतरी ती जागा सोडेनाशी झाली. मला वाटलं, अक्षर सुधारलं.

आता दोन गोष्टी विचारतो. बघा तुम्हाला काही सुचतं का.

पहिली. त्याच सुमाराला ती एकदा माहेरी जाते म्हणून गेली आणि पेरण्या तोंडावर असूनही महिना उलटेपर्यंत आली नाही. आली तेव्हा वाळली होती आणि दोन्ही हातांचे पंजे ओरबाडलेले. "काय झालं काकू?" "भावजयीच्या मांजरीनं बोचकारलं." मला मांजर पटली नाही. पण काकूशी वाद घालण्यात अर्थ नसे.

दुसरी. काल तेरवीच्या सामानासाठी कौशल्येनं तुरीच्या डाळीचं मोठं मडकं उपसलं. आत, डाळीत पुरलेल्या, बांगड्या! फडक्यात बांधलेली पुडकी, प्रत्येकात डझन, सगळ्या हिरव्या, एकही घातलेली नाही. आणि काका, सगळ्या बारीक मापाच्या. काकूचा पंजा खुरपं धरून भाकरीएवढा रुंद झालेला. तिच्या बोटांवरूनसुद्धा त्या खाली उतरल्या नसत्या. मी कौशल्येला विचारलं, ह्या कोणाच्या? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काकू मी हिशेब चुकलो की बघायची. मग डाळ परत भरली आणि मडक्याचं तोंड बांधून टाकलं.

चाळिशी उलटलेला, चार अक्षरं जुळवून पोट भरणारा माणूस मी. माझ्याच घरातल्या मडक्यात काय शिजतंय ते मला कळत नाही.

जिवंत असलात तर या. राग नंतर काढू.

इंद्रभान

&nbsp;

देऊळघाट, ता. २० फेब्रुवारी १९६४

काका,

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न आहे. पण तुम्हाला लिहायची सवय लागली, आणि दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

तुम्ही मेलात. पंधराएक वर्षं झाली म्हणे. कळवायला उशीर केलात.

तेरवीच्या सकाळी मी मोटारीच्या वाटेकडे डोळे लावून होतो. मलकापूरकडून येणारी गाडी थांबली. तुम्ही उतरला नाहीत. उतरली एक बाई. साठीची, लहानखुरी, पांढरट लुगडं, कपाळ कोरडं, काखेत कापडी पिशवी. सरळ आपल्या अंगणात आली. बुंदीची पंगत अजून बसायची होती, सगळी भावकी ओट्यावर.

महादेवरावांनी विचारलं, "कुठल्या हो बाई?"

"बऱ्हानपूरची. रुखमा माहं नाव."

बऱ्हाणपूर म्हटल्यावर काय ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. तुमच्या त्या बाईचं नाव आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पण अशी एक आहे, हे लहान पोरालाही ठाऊक. माझी दोन्ही पत्रं हॉटेलवाल्यानं तिला वाचून दाखवली होती, हे मागून कळलं. त्या घटकेला मला एवढंच दिसत होतं की तिचं कपाळ कोरडं आहे, आणि काकूचं हिरवं लुगडं आता वाचत नाही.

महादेवराव उभे राहिले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "बाई, खरं सांगजा. तुळशीराम हाये का मेला? तुमाले म्हाईत असनार. तुमी त्याच्या घरातल्या ना?"

तिनं अंगणभर पाहिलं. दाराशी सुभद्राबाई होती, कौशल्या होती, मागे गावातल्या बाया. मी शपथेवर सांगतो, काका, त्या बाया काही बोलल्या नाहीत, डोळेसुद्धा हलवले नाहीत. नुसत्या उभ्या होत्या. आणि रुखमाबाईनं पदर सावरला.

"मी कोनाच्या घरातली? माहा मालक गिरनीत होता, त्याले जाऊन जमाना झाला. त्याचं नाव येगळं. हा तुळशीराम कोन, मले नाई ठाऊक. सोजराबाई मिरच्या इकाले यायची, तवाची वळख. तिचं-माहं उसनंपासनं होतं. गेली ऐकलं, आली." मग महादेवरावांकडे बघून, जरा करड्या आवाजात, "काऊन भाऊ, तेरवीच्या जेवनाले नवऱ्याचा दाखला लागते का तुमच्या गावात?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच. त्या हसण्यात प्रश्न वाहून गेला. लुगडं सवाष्णीला दिलं, हिरवंच. महादेवरावांनी स्वतः तिच्या हातात ठेवलं.

पंगती उठल्यावर स्वयंपाकघरात मी, कौशल्या आणि ती. तिथं तिनं सांगितलं.

तुम्ही खाटेला खिळलात, तेव्हा तिनंच त्या मिरचीच्या दलालाच्या तोंडी काकूला निरोप धाडला होता; तुम्ही मेल्याची बातमी त्यानं आणली ती मागाहून. काकू माहेरी म्हणून गेली, ती जळगाव जामोदहून डोंगर ओलांडून बऱ्हाणपूरला. रुखमाबाई म्हणाली, "दारात उभी राह्यली. मले वाटलं भांडाले आली. मी इळा हाताशी ठेवला. तिनं तोच इळा घेतला अन् कांदा चिराले बसली. म्हने, 'याले पिठलं आवडते का अजून?'" तुमचं अंग पुसण्यापासून तोंडात पाणी घालण्यापर्यंत दोघींनी केलं. वाटून. तुम्ही काकूला ओळखलंत का, मी विचारलं. "ओळखलं. तोंड भिंतीकडं केलं. सोजराबाई म्हने, 'फिरव इकडं. तुया तोंडाले पाहाले मी डोंगर नाई चढली. तुले औषध पाजाचं हाये.'"

तुम्ही गेल्यावर चाळीतल्या बायांनी दोघींच्याही बांगड्या फोडल्या. रात्र काकू कोपऱ्यात बसून होती. सकाळी म्हणाली, "रुखमे, मले असं गावात जाता येत नाई. मी गेली अशी, तर उद्यापासून माया तोंडावर सारे दारं लागतीन. हळदीले नाई, ओटीले नाई, बारशाले नाई. तो तर पह्यलेच गेला होता. आता गेला तो तुया. मायं काऊन जाव?"

रुखमाबाईकडे एक नवा डझन होता, सणासाठी तुम्हीच आणून ठेवलेला. तिच्या मापाचा. साबण लावून, पंजा आवळून, दोघींनी त्या काकूच्या हातात चढवल्या. दोन फुटल्या, कातडं सोललं. "उसन्या नेते," काकू म्हणाली, "फेडीन."

ती मांजर ही होती, काका.

दर संक्रांतीला काकू कासारणीकडून एक बारीक मापाचा डझन घेत होती, हे कौशल्येला ठाऊक होतं. सुभद्राबाईला ठाऊक होतं. कासारणीलाही, अर्थातच. पण विधवेला बांगड्या धाडायच्या कशा? आणि उसनं ठेवायचं कसं? दरसाल घ्यायची, दरसाल डाळीत पुरायची.

मी कौशल्येला म्हणालो, "म्हणजे सगळ्या बायकांना माहीत होतं?"

"तुमाले वाटलं का, फक्त तुमालेच डोये हायेत?"

"मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?"

"काऊन बोलाव? हळद लावाले हात चांगला होता तिचा."

मी रुखमाबाईंना विचारलं, काकू तिथे का आली असेल? माया? जिद्द? का नुसतं खरं काय ते डोळ्यांनी बघून घ्यायला? त्या म्हणाल्या, "मले काय ठाऊक, बाबा? मी पंधरा वर्सं हेच इचारून राह्यली." आणि त्यांनी अंगणात स्वतःच्या नवऱ्याचं नाव का नाकारलं, हे मी विचारलं नाही. नावाला का होईना, तेवढाच एक तुकडा त्यांच्याकडे उरला होता, आणि तो त्यांनी आमच्या अंगणात टाकून दिला.

आता शेवटचं. तेरवी झाल्यावर महादेवराव निघेनात. सगळे गेल्यावर ओट्याखाली उतरले, पायातली उजवी वहाण काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "घे. लाज वाटत होती. दोनी उजव्या घालून फिरून राह्यलो दहा-बारा दिवस." मी त्यांची डावी दिली. ते ती घालत वाकले होते, तेव्हा खालूनच बोलले, "म्हंजे, रंग्याच्या बायकोले कायी कारन नोतं तर. उगंच गेली ती."

मी माझी उजवी पायात घातली. खोटं बोललो असं नाही, आणि खरंही बोललो नाही. त्यांना एक कारण हवं होतं. ते माझ्या स्वयंपाकघरात बसलं होतं, भांडी घासत. ते कारण नव्हे, हे मला पक्कं माहीत आहे. पण माझं माहीत असणं त्यांच्या काय कामाचं? हे बरोबर झालं का काका? तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही, आणि तुम्ही असे.

वहाण आता जोडीची आहे. तरी चालताना कलल्यासारखं वाटतं.

इंद्रभान

&nbsp;

देऊळघाट, ता. ११ मार्च १९६४

ती. रुखमाकाकू यांस, इंद्रभानचा शिरसाष्टांग नमस्कार.

हॉटेलवाल्यांनी हे पत्र सावकाश वाचून दाखवावं, आणि वाचून झाल्यावर विसरून जावं, ही त्यांना विनंती.

आमच्या गावचे एक गृहस्थ मिरच्या घेऊन तिकडे येत आहेत. त्यांच्या गाडीत एक मडकं दिलंय. वर तुरीची डाळ आहे, आपल्या मळ्याच्या बांधावरची, काकूच्या हातची शेवटची. ती चुलीवर चढवा. पण ओतताना हळू ओता. डाळीच्या पोटात फडक्यातली पुडकी आहेत. काच आहे.

त्या घालायच्या का, कोणाला द्यायच्या, की तशाच ठेवायच्या, यात मी पडत नाही. इकडे सुभद्राबाईंचं म्हणणं असं की पंधरा वर्षं घातल्या तर काकूचा हात काही झडला नाही. कौशल्येचं म्हणणं, आधी मापाला होतात का ते बघा, वय झालं की हातही फुगतात.

तुमची एक डझन होती. मडक्यात जास्त निघतील. काकूनं कोणाकडून वाटीभर पीठ आणलं, तर फेडताना वाटी शिगोशीग भरायची आणि वर आणखी चिमूट टाकायची. नुसती वाटीला वाटी फेडणं तिला कमीपणाचं वाटे. तर बारा तुमच्या, वरची ती चिमूट.

मडक्याचं तोंड कौशल्येनं बांधलं होतं. गाडी निघताना मी गाठ एकदा ओढून पाहिली, आणि दिलं.

तुमचा,
इंद्रभान